समग्र म्हणजे झेन्शू

वाशीच्या जपानी क्लासात बाईंनी गृहपाठ दिला, घरच्या पुस्तकांवर जपानी शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवा. मी कथासंग्रहांवर 'तांपेन्शू' लावलं आणि बाबांनी घेतलेल्या एका लेखकाच्या बारा खंडांवर ऐटीत 'झेन्शू', म्हणजे समग्र साहित्य.

बायको म्हणाली, "समग्र? मोजून बघ की."

अकराच निघाले. सातवा खंड कुणीतरी वाचायला नेऊन ढापला होता. त्या चोराला मी मनसोक्त शिव्या घातल्या. बायको मात्र खालच्या कप्प्यातल्या पुस्तकांच्या पहिल्या पानांवरची नावं वाचत बसली. नऊ पुस्तकं, नऊ नावं, आमचं एकही नाही.

पुढच्या तासाला मी बाईंना हळूच विचारलं, "वाचायला मागून आणलेल्या पुस्तकाला काय म्हणतात?"

"कारिता होन," बाई म्हणाल्या. "पहिली चिठ्ठी माझ्या शब्दकोशावर लावा. गणपतीच्या आधी नेलाय तुम्ही."