जिव्हाळी

आमच्या खालच्या मजल्यावर काजेकाकू राहतात. काजे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. शर्टांच्या कारखान्यात उभा जन्म काजं करण्यात गेला, म्हणून काजेकाकू. पोस्टमनला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तो बिचारा कित्येक वर्षं त्या काजू विकतात असं समजून भाव विचारायचा. "काजू नाही रे बाबा, काज! तुझ्या पोटावरचं बटण ज्यात राहायला तयार नाही ना, ते," असं काकूंनी एकदा सुनावलं, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आधी कापडाला भोसकायचं, मग टाके घालून त्याची समजूत काढायची, झालं काज," असं त्या म्हणत. कारखान्यातला पहिला धडा मात्र वेगळा होता : दोरा मुळाशी काप. कडेला दोऱ्याचं टोक दिसलं की गठ्ठाच्या गठ्ठा परत यायचा. बोटांना ती सवय इतकी लागली, की माझ्या साडीला एखादा दोरा लोंबताना दिसला तरी काकूंची कातर बोलता बोलता तिथे पोचायची.

त्यांचे यजमान त्याच कारखान्यात कटिंग मास्तर होते. लग्न झालं तरी काकूंनी त्यांना कधी 'अहो' म्हटलं नाही. "अहो म्हटलं की अख्खं खातं वळून बघायचं. मास्तर म्हटलं की एकच जण बघायचा."

त्या मास्तरांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ज्या हातानं पंचवीस थरांचं कापड एका रेषेत कापलं, त्या हाताची मूठ वळली ती वळलीच. व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या, तेल झालं, शेक झाला. मूठ कुणालाच दाद देईना. ती उघडायची फक्त मुकादमासाठी.

मुकादम म्हणजे त्यांचा बोका. करड्या रंगाचा, मानेत जाड, कामं तपासायला निघाल्यासारखा घरभर फेऱ्या मारणारा. दिवेलागणीला तो मास्तरांच्या पलंगावर चढायचा आणि त्या वळलेल्या मुठीखाली डोकं घालून वर ढकलायचा. एकदा, दोनदा, हट्टानं. मग एकेक बोट सैल व्हायचं आणि हात त्याच्या पाठीवर पसरायचा. काकू ही संधी साधून तळहात ओल्या फडक्यानं पुसून घ्यायच्या, मास्तरांची नखं कापायच्या. बोक्याची घुरघुर थांबली की मूठ पुन्हा बंद.

अडचण होती ती बोक्याच्या नखांची. खुशीत आला की तो पंजांनी मास्तरांचा दंड तिंबत बसायचा. मास्तरांची कातडी झाली होती कांद्याच्या पापुद्र्यासारखी, त्यात रक्त पातळ करायच्या गोळ्या. साधा ओरखडा दिवसभर ओघळत राहायचा. एका रविवारी त्यांचा मुलगा आला, त्यानं पट्टी बघितली.

"आई, हे काय?"

"काही नाही रे. लाडात आला होता."

"लाडात? डॉक्टर काय म्हणाले, विसरलीस? पुन्हा एक ओरखडा दिसला ना, तर बोका या घरात राहणार नाही. माझ्या गोदामावर नेऊन सोडीन."

तेव्हापासून मुकादमाची नखं कापणं हे त्या घरातलं सगळ्यात मोठं काम झालं. मला धरायला बोलवत. मी टॉवेलात गुंडाळून बोका मांडीवर घ्यायची, एकच पंजा बाहेर. काकू पंजाची गादी अलगद दाबायच्या, की म्यानातून काढावं तसं नख पुढे यायचं. ते खिडकीच्या उजेडात धरून त्या मला दाखवायच्या, "ही आत गुलाबी रेघ दिसते? ती जिव्हाळी. तिच्या बरंच अलीकडे थांबायचं. पुढचं टोक मेलेलंच असतं, कापलं तरी त्याला पत्ता नाही."

"मला जिव्हाळा तेवढा ठाऊक होता," मी म्हटलं.

"एकच की गं. कापलं की रक्त येतं तो जिव्हाळा. बाकी नुसती नखं."

पुढे पुढे काकू कपात चहा ओतताना काठावर बोट ठेवू लागल्या. सुई माझ्याकडून ओवून घेऊ लागल्या. दारात मी उभी असले तरी "कोण?" विचारायच्या. डोळे दाखवूया म्हटलं की उडवून लावायच्या. "काही नाही, चष्मा जुना झालाय." एकदा मात्र माझा हात धरून म्हणाल्या, "मुलाला बोलू नकोस हं. मला दिसत नाही कळलं तर नखं कोण कापणार म्हणेल, आणि नेईल त्याला उचलून."

"मग मी कापते की."

"तू धर. तो माझ्याशिवाय कुणाला पंजा देत नाही."

ते खरंच होतं. मी कातर हातात घेतली की मुकादम टॉवेलासकट पळायचा.

अशाच एका रविवारी मुलगा यायच्या आत काम उरकायचं होतं. पहिला पंजा नीट झाला. काकू नख बोटानं चाचपत, टोकाशी कातर टेकवत आणि नखभरच उडवत. नखाकडे बघतच नव्हत्या. दुसऱ्या पंजाला मुकादम वळवळायला लागला. "धर नीट," म्हणत त्यांनी चिमटीत नख पकडलं, आणि बोटांनी आयुष्यभर केलं तेच केलं. लोंबणारं टोक लागलं, कातर आत सरकली. मुळाशी.

बोका किंचाळला तसा मी मांजराचा आवाज कधी ऐकला नव्हता. टॉवेल फाडून तो सुटला आणि जिथे त्याला कायम आसरा मिळायचा तिथेच गेला, मास्तरांच्या अंगावर. न कापलेल्या नखांनी त्यानं त्यांचा दंड घट्ट पकडला. मास्तरांच्या घशातून एक आवाज निघाला. पण हात उघडला होता. थरथरत्या बोक्याच्या पाठीवर तो हात तसाच ठेवून मास्तर पडून राहिले, आणि खालची चादर लाल होत गेली.

आम्ही जखम दाबून धरली होती तेवढ्यात मुलगा आला. काही न बोलता माझ्या हातातला टॉवेल घेऊन तो वडिलांचा दंड दाबत बसला. डॉक्टर येऊन गेले, रक्त थांबलं, तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत भरले होते.

"आई, तुला दिसत नाही ना?"

काकूंनी चष्मा पदरानं पुसला.

"किती दिवस?"

"अरे, पुढच्या वेळी ही कापेल..."

"पुढची वेळ नाही. मला बाप पाहिजे, आई."

त्यानं झाकणाची टोपली आणली. काकू दारापर्यंत मागे गेल्या. "एका पंजाची नखं कापलीत रे मी. दुसरा दुखावलाय. तिथले बोके फाडतील त्याला. निदान नखं वाढेपर्यंत थांब."

"मी लक्ष ठेवीन," तो म्हणाला. टोपली त्यानं छातीशी धरली होती. तरी तो जिना उतरून गेला.

पुढच्या रविवारी काकूंनी मुकादमाचं विचारलं. त्यानं मान खाली घातली. त्या मान बघू शकल्या नाहीत, म्हणून त्याला तोंडानं सांगावं लागलं.

मास्तरांना विचारता येत नव्हतं. दिवेलागणीला ते दाराकडे बघत, एवढंच.

काल काकूंनी मला हाक मारली. खोलीत कुबट वास होता. "मास्तरांची नखं तळव्यात रुतलीत बहुतेक," त्या म्हणाल्या. "बघ बरं, कापता येतात का."

मी बोटं सोडवून पाहिली. दगड. फटीतून नखं दिसत होती, पण कुठे नख संपत होतं आणि कुठे मास्तर सुरू होत होते, ते कळेना.

"जिव्हाळी दिसते का गं?"

"नाही, काकू."

"मग राहू दे. कापू नकोस."

त्या चाचपडत पलंगाजवळ खाली बसल्या. चष्मा काढून बाजूला ठेवला. मग वाकल्या, त्या मुठीखाली आपलं डोकं घातलं आणि हळूच वर ढकललं. एकदा. दोनदा. हट्टानं.

मी तशीच उभी होते. मूठ उघडली नाही.