तिसऱ्या वर्षाची शिफारस

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. चुलीवरच्या भिंतीवर काजळी बसते तसे ते रोज थोडे थोडे बसतात आणि एक दिवस अख्खी भिंत काळी दिसते. आईच्या ऑफिसातल्या किश्श्यांचं असंच झालं.

आई कोल्हापुरातल्या एका विद्यापीठात, संशोधन सहाय्य कक्षात नोकरीला आहे. प्राध्यापकांना आणि संशोधकांना कुठल्या योजनेतून मदत मिळेल ते शोधायचं, अर्ज भरून द्यायचे, सह्या मिळवायच्या आणि सगळं वेळेत दिल्लीला पोहोचवायचं, हे तिथलं काम. कक्षात माणसं तीनच. आई, कक्षप्रमुख पोवार सर आणि शिपाई शंकरमामा. शाळा सुटते तेव्हा घराला कुलूप असतं, म्हणून मी तिथं जाते आणि कपाटामागच्या स्टुलावर बसून अभ्यास करते. मी फार बोलत नाही. त्यामुळे दहा मिनिटांत सगळे मला विसरतात. दहावीचा भूगोल मला अजून नीट येत नाही, पण अर्ज का नाकारले जातात त्याची कारणं मात्र पाठ आहेत.

* * *

इतिहासाच्या देशमाने सरांकडे मोडी लिपीतले जुने कागद होते. गावोगावच्या घरांतून आणि देवळांतून त्यांनी ते जमवले होते. ते खराब होण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवायचे, एवढाच त्यांचा प्रकल्प.

अर्ज ऑनलाइन होता. एका रकान्यात विचारलं होतं, ‘संशोधनात कोणते प्राणी वापरणार?’ रकाना रिकामा ठेवला की पान पुढे सरकायचं नाही. ‘नाही’ लिहिलं तरी सरकायचं नाही. आईने तासभर प्रयत्न केला.

शेवटी देशमाने सर वैतागून म्हणाले, "मॅडम, माझ्या कागदांत एकच प्राणी आहे. लिहा, वाळवी!"

आईने लिहिलं. पान सरकलं! शंकरमामांनी टाळी वाजवली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. वाळवीवर प्रयोग करण्यासाठी नीतिमत्ता समितीची परवानगी जोडावी.

समितीची बैठक लागेपर्यंत पावसाळा संपला. मग एक दिवस देशमाने सर पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आले. आईच्या टेबलावर ठेवून त्यांनी ते उघडलं. आत नुसता भुगा होता.

"समितीला कळवा," ते म्हणाले. "वाळवीनं परवानगीची वाट बघितली नाही."

* * *

रसायनशास्त्राचे एक सर दिवाळीत झोपेतच गेले. त्यांचा प्रकल्प अर्धा राहिला होता. तो रीतसर बंद करायचा तर त्यांच्या नावाने लॉगिन करावं लागायचं आणि ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर यायचा.

म्हणून त्यांच्या बायकोला, काकूंना, बोलवावं लागलं. त्या फोन पदरात गुंडाळून आणायच्या. चार्ज केलेला असायचा. आई बटण दाबायची, फोन वाजायचा, काकू आकडे वाचून दाखवायच्या आणि पडद्यावर सरांच्या नावासकट यायचं, ‘आपले पुन्हा स्वागत आहे’. काकू तेवढं वाचून मान खाली घालायच्या.

असं चार वेळा झालं. दर वेळी एक नवा फॉर्म निघायचा.

"पोरगा म्हणतोय, बंद कर की ते सिम," काकू एकदा म्हणाल्या. "म्हटलं, ऑफिसचं काम ऱ्हायलंय अजून."

चौथ्या वेळी आई म्हणाली, "झालं काकू. सगळं बंद झालं. आता फोन बंद केला तरी चालेल."

काकू उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"अजून एखादा फॉर्म न्हाई का वो?"

* * *

आता वैशालीताईबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिचंच आहे.

वैशालीताई गडहिंग्लजकडची. पीएच.डी. झालेली, पण कायमची नोकरी नाही. तिचा प्रकल्प भाताचा. शिरोळकडे नदीकाठी पुष्कळ जमीन क्षारपड झाली आहे. वर्षानुवर्षं उसाला भरमसाट पाणी पाजल्यामुळे जमिनीतलं मीठ वर आलं आहे आणि तिथं आता काही उगवत नाही. अशा जमिनीत तग धरणारं भाताचं एक जुनं वाण तिला सापडलं होतं.

ते लावून बघायला तिला एका शेतकऱ्याने रान दिलं. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. रान रस्त्याकडेला आहे. त्यावर मुरूम टाकून गोडाऊन बांधायला द्यावं असा त्यांच्या मुलाचा, महेशदादाचा, हट्ट होता. अण्णांनी त्याला सांगितलं, "पोरीला तीन वर्सं दिल्यात. मधी बोलायचं न्हाई."

पहिल्या वर्षी भात आलं. दुसऱ्या वर्षी त्याहून चांगलं आलं. दिल्लीची मंजुरी मात्र दोनच वर्षांची होती. तिसऱ्या वर्षासाठी तज्ज्ञांची समिती दुसऱ्या वर्षाचं पीक उभं असताना येऊन पाहणी करणार आणि शिफारस करणार, असा नियम.

"दोनदा आलं तर लोक म्हणतील नशीब," वैशालीताई आईला म्हणाली. "तिसऱ्यांदा आलं तरच त्याला पुरावा म्हणतात, ताई."

* * *

पोवार सर वाईट माणूस नाहीत. हे आधी लिहून टाकते. ते कुणावर ओरडत नाहीत आणि शंकरमामांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी स्वतः वाढप केलं होतं. फक्त आपलं कुठेही नाव खाली जाऊ नये, असं त्यांना फार वाटतं.

वैशालीताईने अर्जावर साधं नाव लिहिलं होतं, ‘क्षारपड जमिनीत भात’. सर म्हणाले, "एवढंसं? दिल्लीवाले वाचणार पण नाहीत!" आणि त्यांनी स्वतः बसून नाव बदललं, ‘नदीकाठच्या क्षारबाधित मृदा-परिसंस्थेतील शाश्वत धान्योत्पादन-संभाव्यतेचे बहुआयामी मूल्यमापन’.

वैशालीताईने ते रानात जाऊन अण्णांना वाचून दाखवलं.

"ही कुणाची जमीन म्हणायची?" अण्णांनी विचारलं.

"तुमचीच की, अण्णा."

"आरं तिच्या! मग लईच बिघडलीया की!"

* * *

समिती ऑक्टोबरच्या एका शनिवारी आली. दोन तज्ज्ञ, दोघेही बाहेरच्या राज्यातले. सकाळी अकराला रानात यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे, असं ठरलेलं. शाळेला सुट्टी होती. फोटोंचा अल्बम धरायला कुणीतरी हवं, म्हणून आईने मला वैशालीताईबरोबर आधीच रानात पाठवलं.

आजूबाजूची रानं ओसाड होती. वेडी बाभूळ आणि बांधावर पीठ सांडल्यासारखं पांढरं मीठ. मधोमध तेवढं अण्णांचं भात उभं. लोंब्या भरून वाकल्या होत्या.

अण्णांनी पाहुण्यांच्या बुटांना चिखल लागू नये म्हणून रस्त्यापासून फळ्या टाकल्या होत्या. तरुण मंडळाच्या चार खुर्च्या आणल्या होत्या आणि त्या पुसल्याही होत्या. अण्णांच्या घरच्या काकू म्हणाल्या, "मी पाचपास्नं चुलीम्होरंच हाय. पावण्यास्नी वांगं चालतंय न्हवं?"

साडेअकराला वैशालीताईने पाहुण्यांबरोबर असलेल्या पोवार सरांना फोन लावला. सरांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"अगं, नाष्टा चाललाय! मिसळीनं पाणी काढलं डोळ्यांतनं!"

साडेबाराला, "देवीचं दर्शन घेतो आणि निघतोच. कोल्हापुरात येऊन दर्शन नाही म्हणजे काय!"

दोनला, "जेवायला बसलेत. पांढरा रस्सा तिसऱ्यांदा मागून घेतला! आता ताटावरनं उठवू का त्यांना?"

साडेतीनला फोन लागला नाही.

चारला, "जरा आडवे झालेत गेस्ट हाउसवर. बस, अर्धा तास."

अण्णा प्रत्येक फोननंतर रस्त्यापर्यंत जाऊन येत होते. फळ्यांवरून नाही, चिखलातून. पाचच्या सुमाराला महेशदादा मोटरसायकलवरून आला. त्याने रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं, वैशालीताईकडे बघितलं आणि गाडी तशीच वळवून गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

सव्वापाचला सर म्हणाले, "त्यांच्या मिसेसना चपला घ्यायच्यात गं. मापाचा थोडा घोळ झालाय."

सहाला सरांनीच फोन केला. "वैशाली, बिलकूल टेन्शन घेऊ नको! पाहुणे जाम खूश! गाडीत चढताना म्हणाले, एवढा मान कुठंच मिळाला नाही!"

"सर, आणि रान?"

"मोबाइलवर फोटो दाखवले की. नाइस, नाइस म्हणाले!"

वैशालीताईने फोन बंद केला. अण्णांनी खुर्च्या एकात एक घातल्या. मग फळ्या उचलायला लागले. काकू पातेल्यावरचं झाकण काढून म्हणाल्या, "पोरींनो, तुमी तरी खावा. सकाळपास्नं उपाशी हायसा."

आम्ही जेवलो. भाजी फार चांगली झाली होती.

* * *

महिन्याभराने अहवाल आला. पोवार सरांनी तो उभ्यानेच मोठ्याने वाचला, "विद्यापीठाच्या संशोधन सहाय्य कक्षाने केलेले आदरातिथ्य अत्यंत उल्लेखनीय असून समिती कक्षप्रमुखांची विशेष आभारी आहे!"

"म्हंजे पास?" शंकरमामांनी विचारलं.

आईने सरांच्या हातातून कागद घेतला आणि पान उलटलं. मागे दोन ओळी होत्या. प्रत्यक्ष क्षेत्रभेट होऊ शकली नाही. सबब तिसऱ्या वर्षाची शिफारस करता येत नाही.

सर खुर्चीत बसले. बराच वेळ ते पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते.

त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. फेरविचारासाठी तीन पत्रं लिहिली. तिन्ही स्वतः लिहिली आणि आईला चुका बघायला सांगितल्या. शेवटी दिल्लीहून एका ओळीचं उत्तर आलं. पुढील क्षेत्रभेट एप्रिलनंतर शक्य होईल.

"एप्रिलात काय दाखवू त्यांना?" वैशालीताई म्हणाली. "धसकटं?"

आई म्हणाली, "आपण नवीन अर्ज करू या. दुसऱ्या योजना आहेत, मी शोधते."

"शोधा, ताई. पण तीन वर्षांसाठी अण्णांनी त्यांच्या पोराला थांबवलंय ते मंजुरीच्या भरवशावर. मंजुरीच नाही, तर मी कुठल्या तोंडानं सांगू, अजून थांबा म्हणून?"

पुढच्या सोमवारी ती गडहिंग्लजला एका खासगी क्लासमध्ये शिकवायला लागली. जाताना ती प्रयोगशाळेची किल्ली आईकडे देऊन गेली. मला म्हणाली, "सायन्सला जाणार ना तू?"

मी मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही माहीत नाही.

* * *

यानंतर दहाबारा दिवसांनी दुपारी अण्णा कक्षात आले. एकटेच. खांद्यावर पोतं होतं आणि त्यातून पाणी गळत होतं.

शंकरमामा आडवे आले. "ओ पावणं! आत्ताच पुसलंय! काय हाय त्यात?"

"सायबांचं हाय," अण्णा म्हणाले आणि सरळ पोवार सरांच्या टेबलापाशी गेले. तिथं त्यांनी पोतं उघडलं आणि भाताच्या ताटांचा एक चुडा मुळासकट, मातीच्या ढेकळासकट काढून टेबलावर ठेवला. कागद भिजले. लोंब्या पिकून पार वाळल्या होत्या. हात लागला तसे दाणे काचेवर सांडले.

"हे काय, अण्णा?" सरांनी विचारलं.

"पोरगी सांगून गेलीती, पावण्यांनी बगितल्याबिगर पिकाला हात लावू नका. न्हाई लावला. कापलं न्हाई, मळलं न्हाई. आर्धं पाखरांनी खाल्लं." अण्णांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "उद्या सकाळी मुरमाचं डंपर येत्यात. पोरगी गेली, पोरानं यवहार केला. आता मला त्याला अडवाय येत न्हाई. म्हणून म्हटलं, पावणं रानात आलं न्हाईत, तर रान घेऊन जाऊ. तुमी बगा. म्हंजे मी शब्दातनं मोकळा."

आईने टायपिंग थांबवलं. शंकरमामा हातात फडकं घेऊन दारातच उभे होते.

सरांनी चष्मा लावला. वाकून त्यांनी त्या चुड्याकडे बघितलं. मुळांकडे बघितलं. माती वाळत होती तिथं कडेने पांढरं दिसायला लागलं होतं, तिकडेही बघितलं.

"बगितलं?" अण्णांनी विचारलं.

"बघितलं."

"काय बगितलंसा?"

सरांनी काचेवर सांडलेले दाणे बोटाने एका जागी ओढले.

अण्णा टेबलासमोर तसेच उभे राहिले. त्यांना घाई नव्हती. डंपर उद्या सकाळी येणार होते.