रोहनसाठी झगडलेली ताई

ताई गेल्याचं मला गोवंडीत कळलं... दुबेकाकांसोबत रस्त्याच्या कडेला तिची वाट बघत उभी असताना. फोनवर हवालदार विचारत होता, "वैशाली तुमची कोण? डंपरने उडवलंय स्कूटीला." काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि गल्लीत निघून गेले.

ताई त्यांना वकिलाकडे नेणार होती; त्यांचं मन फिरू नये म्हणून मी आधी जाऊन थांबले होते. हे सगळं आमच्या रोहनसाठी. तो धाकटा भाऊ, मालाडला एका टॉवरच्या साइटवर वायरिंगचं काम शिकत होता. तिथे शॉक लागून एक मजूर मेला आणि सुपरवायझरने मृतदेह गुपचूप हलवला. रोहनने ते पाहिलं. "उद्या पोलिसांत सांगणार मी," जेवताना तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो आठव्या मजल्यावरून पडला. पाय घसरला, असं पोलिसांनी लिहिलं.

ताई रडली नाही. लग्न मोडून माहेरी आली होती ती. सासरचं आडनाव तेवढं कागदांवर उरलेलं. त्याच आडनावावर तिने त्या बिल्डरच्या ऑफिसात रिसेप्शनिस्टची नोकरी धरली. ज्याच्यावर संशय, त्या सुपरवायझरला रोज हसून गुड मॉर्निंग म्हणायचं... आणि घरी आल्यावर मोरीत जाऊन ओकायचं.

"सोड ना यार ताई, तुझी वाट लागेल."

"लागू दे. पण तो घसरला नाही गं."

साइटवरची लिफ्ट चालवणाऱ्या दुबेकाकांना रोहन पडल्यावर घाईघाईने गोवंडीच्या साइटवर पाठवलंय, हे ऑफिसातच तिच्या कानावर आलं. काकांनी आम्हाला कितीदा हाकललं. शेवटी एकदा ते मटकन खाली बसले. "धक्का दिया था, बेटी. मैंने देखा."

ताईचाही अपघातच, म्हणे. डंपर सापडला नाही. काकांची खोली बंद, फोन बंद. साक्षीदाराशिवाय काही उभं राहणार नाही, असं वकीलबाई सांगतात. मी काकांच्या गावी जाणार आहे. जाण्याचं आईला अजून सांगितलेलं नाही... तिला आता मी एकटीच उरलेय.

धमक्यांचे फोन यायला लागले तेव्हा ताईने दाराला आतून एक जाड कडी बसवून घेतली होती. देवाजवळ दिवा लावून झाला की आई दार ओढून घेते. लॅच लागतं, ते बाहेरून उघडायची चावी ताईकडे असायची. कडी मात्र आई घालत नाही. मी घालायला उठले की माझा हात धरते.

"रवांदे गो. वैशू येवची आसा अजून."