बावीस फोल्डरं

चोपड्याजवळच्या आमच्या गावातून मी पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासते. हे बटण दाबलं तर असं दिसायला हवं, अशी एकेक ओळ लिहून ठेवायची. तिला टेस्ट केस म्हणतात. काम पंधरा-पंधरा दिवसांच्या स्प्रिंटमध्ये चालतं. मी प्रत्येक स्प्रिंटचं वेगळं फोल्डर केलं. आमच्याकडे केळीच्या बागा लावणीवरूनच ओळखतात: पावसाच्या तोंडावरची मृगबाग, पावसाळा सरल्यावरची कांदेबाग. मला दुसरी रीत सुचलीच नाही.

बावीस फोल्डरं झाली तेव्हा एकट्या लॉगिनच्या टेस्ट केस नऊ ठिकाणी पसरल्या होत्या. त्यांतली आता लागू कोणती, ते फक्त मला ठाऊक. नीट लावता आलं असतं. मुद्दामच लावलं नाही. गावात बसून काम करणारीला आधी काढतील, ही धास्ती होती. कोणी काही विचारलं की मी दोन मिनिटांत शोधून द्यायचे आणि मनातल्या मनात फुगायचे.

मग नव्या प्रकल्पात जागा निघाली. पुण्यात राहायचं, नवं काही शिकायचं, रोज तीच बटणं दाबणं संपणार. मला ती जागा फार हवी होती. अट एकच: माझं जुनं काम धुळ्याच्या नव्या मुलीला सांभाळता यायला हवं. तीन आठवडे मी तिला फोनवर शिकवत होते. पोरगी हुशार, पण दर वेळी केव्हाच रद्द झालेली टेस्ट केस चालवायची आणि नसलेली चूक कळवायची. मी तिच्यावर चिडायचे. धोंडा माझ्याच हातानं पायावर पाडून घेतला होता, हे तिला कसं सांगणार?

एकदा माझे वडील, आबा, केळीच्या बागेतून आले तेव्हा मी डोकं धरून बसले होते. काय अडलंय, त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. हात धुता धुता ते म्हणाले, "घड उतरना का खोडबी काढनं पडस. तू ते बठ्ठं ठी दिन्हं." घड उतरवल्यावर खोडही काढावं लागतं, मी मात्र सगळं तसंच ठेवून दिलं होतं.

त्याच आठवड्यात मॅनेजरचा फोन आला. नवी जागा त्या मुलीलाच दिली होती. तिच्यावाचून इथलं काही अडत नव्हतं. मला मात्र समजावत तो म्हणाला, "तुला कसं सोडू? तुझ्याशिवाय इथलं पान हलत नाही."

हेच वाक्य ऐकायला मी वर्षभर राबले होते. चालेल म्हटलं, फोन ठेवला आणि दार लावून रडले.