हुझूच्या बोलीतली कॅसेट

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दोहात एका बांधकामावर मी वायरमन होतो. तिथे चिनी गवंड्यांची एक टोळी होती. त्यातला एक जण मोंगुओर या वेगळी भाषा बोलणाऱ्या जमातीतला होता, वायव्य चीनमधल्या हुझूच्या डोंगरातला. त्याच्या आईला मोंगुओरशिवाय काही येत नव्हतं. तरी तो तिच्यासाठी कॅसेट भरायचा ती चिनी भाषेत. गावातलं कुणीतरी तिला अर्थ सांगायचं. चिनीतच भरायची, कारण टोळीचा दुभाषी प्रत्येक कॅसेट आत काही तक्रार नाही ना हे बघायला आधी स्वतः ऐकायचा आणि मगच सुटीवर जाणाऱ्याच्या हाती द्यायचा.

मला हे सहन होईना. मी वाचायला शिकलो तेच वडिलांच्या युनियनच्या पत्रकांवरून. एका शुक्रवारी दुपारी त्याला अल नस्र भागातल्या आमच्या खोलीवर आणलं, टेपरेकॉर्डर पुढे ठेवला आणि साइटवरच्या मोडक्या हिंदीत बजावलं, "आपल्या भाषेत बोल. आईशी बोलायला परवानगी कसली?"

"काय पुढारी," माझा मालवणी खोलीसोबती कॉटवरून म्हणाला, "आता चिन्यांचो मोर्चो काढतलंस काय?"

तो अर्धा तास बोलला. मध्येच एकदा हसला. शेवटी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणाला. ते वाक्य आजही मला जसंच्या तसं म्हणता येतं. अर्थ माहीत नाही.

चार दिवसांनी तो परांचीवरून पडला. "खलास," फोरमन म्हणाला.

कॅसेट मी दुभाष्याकडे नेली. त्याने ती ऐकली आणि परत केली. "मला यातलं काही कळत नाही. जे कळत नाही ते मी पाठवत नाही."

दुसऱ्या टोळीत एक वयस्कर मोंगुओर सुतार होता, मिन्हे नावाच्या दुसऱ्या तालुक्यातला. मला वाटलं, लोक एक, भाषा एक, काम झालं. तो आमच्या खोलीवर आला आणि टेपला कान लावून बसला. हुझूच्या बोलीत तिबेटी मुरलेली, त्याच्या बोलीत चिनी. कॅसेट संपल्यावर त्याने कपाळ पुसलं.

"'आई' कळलं. 'पाणी' कळलं. बाकी नाही."

"आणि ते शेवटचं?"

"नाही." मग माझ्याकडे बघत म्हणाला, "सांगू का दुभाष्याला, सगळं कळलं म्हणून?"

गावी युनियनच्या पत्रकांत खोट्याविरुद्ध मी पानंच्या पानं लिहिली होती. तरी मी होकारार्थी मान हलवली.

दुभाष्यासमोर तो चिनीत बराच वेळ बोलला. दुभाष्याने कॅसेट खिशात टाकली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंत, चाचा?"

"मी मजेत आहे, आई. जेवण चांगलं मिळतं. सगळे हेच सांगतात."

पुढच्याच आठवड्यात सुटीवर जाणाऱ्याबरोबर कॅसेट गेली. ती पोचली तेव्हा मुलगा गेल्याचं आईला कळलं होतं की नव्हतं, हे विचारायचं धाडस माझं झालं नाही.