तत्त्वज्ञान घेतो म्हणालो तेव्हा

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. आई गेली, तिलाही कधी बोललो नाही. तुम्हालाच का सांगतोय — तेही धड उमगत नाही. पण ऐका.

तेव्हा मी पुण्यात इंटरला होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत भोरजवळ आंबवड्याला, घरी आलो होतो. पुढं बी.ए.ला विषय कोणता घ्यायचा, हेच ठरत नव्हतं. वडील म्हणत, वकिलीला उपयोगी पडेल ते घे. मला कधी इतिहास बरा वाटे, कधी तत्त्वज्ञान. तत्त्वज्ञान म्हणजे नेमकं काय, हे तरी कुठं कळत होतं? एका प्राध्यापकांचं व्याख्यान ऐकून भारावलो होतो, एवढंच.

आणि माझी सोयरीक ठरलेली होती. वेल्ह्याकडच्या धोंडिबांची यमुना — सुपारी फुटली होती, दिवाळीनंतर लग्न. मुलगी मी एकदाच पाहिली होती. तिला नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. पण पुण्याच्या वाऱ्यानं माझं डोकं फिरलं होतं. अक्षरओळख नसलेली बायको मित्रांना कशी दाखवायची — खरं सांगतो, मला तिची लाज वाटत होती. आणि वडिलांपुढं नाही म्हणायची छाती नव्हती.

अशात धोंडिबा तारीख पक्की करायला आले. डोंगरातून चालत, डोक्यावर रायवळ आंब्यांची पाटी घेऊन. वडील शेतावर होते, आई आत भाकरी थापत होती. पाणी पिऊन त्यांनी कौतुकानं विचारलं, "जावईबापू, आता फुडं काय शिकनार म्हनायचं?"

"तत्त्वज्ञान," मी म्हणालो. का म्हणालो? काहीच तर ठरलं नव्हतं! मग आत्मा, ब्रह्म, जग खरं की भास — कानावर पडलेलं सगळं सांगत सुटलो. ते हळूच म्हणाले, "म्हंजी तुमच्या मनात बैराग हाय व्हय?"

हसून नाही म्हणायचं, की संपलं असतं. पण मला एकदम वाट दिसली. बैराग्याला कोण मुलगी देईल? वडिलांशी भांडण नको, मुलीलाही बोल नको — असं मला वाटलं. की तेव्हा असं काहीच वाटलं नव्हतं, आणि हे मी मागाहून रचलं? आता सांगता येत नाही. मी मान हलवली.

सोयरीक धोंडिबांनीच मोडली, अगदी मानानं. मग मला तत्त्वज्ञान घ्यावंच लागलं. ते मला खरंच हवं होतं, की बोललो म्हणून निभावलं? सत्य म्हणजे काय, यावर पेपर लिहिले, पासही झालो. नोकरी लागल्यावर पुण्यातल्याच एका शिकलेल्या मुलीशी लग्न केलं.

यमुनेचं पुढं काय झालं, ते मला आईकडून कळलं. वेल्ह्याच्या बाजारात बाया बोलत, "हिच्या पायगुणानं चांगलं पोरगं बैरागी झालं." आलेली स्थळं परत जात. शेवटी घाटाखाली एका बिजवराला दिली. तिच्याहून थोड्याच लहान मुलांची ती आई झाली. माझी आई हे सांगताना हळहळत होती आणि मी समोर बसून जेवत होतो.

माझ्या लग्नाची बातमी धोंडिबांपर्यंत गेली असणारच. त्यांनी कुठं चकार शब्द काढला नाही.

मोडलेली सोयरीक गावाला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एवढंच — त्या दुपारी मी मान हलवल्यावर धोंडिबा उठले. पागोटं सारखं केलं. आणि माझ्या बापाच्या वयाचा तो माणूस वाकून माझ्या पाया पडला. "पोरीच्या नशिबी न्हाई," म्हणाले, "पर तिच्यासाठी आशीर्वाद द्या, म्हाराज."

मी पाय मागं घेतले नाहीत. त्यांच्या पागोट्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.