पेपरातली तीट

"हे काय आहे? अहो, हे काय आहे, म्हणते मी!" बाई अशा कडाडल्या की खांदा कॉलनीतल्या त्या शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडून थेट कामोठ्यात उतरली असणार. त्यांच्या हातात माझ्या पाचवीतल्या लेकीचा पेपर होता. "सातवीची वीस गणितं घातली. एकोणीस बरोबर! आणि विसाव्यात शेवटच्या पायरीला सात आणि आठ सोळा?"

बाईंचं ओरडणं मायेचं होतं. वर्गातलं गणित लेक दहा मिनिटांत संपवायची आणि उरलेला तास फळा पुसायची, खडूचे तुकडे डब्यात भरायची. बाईंनी मुख्याध्यापकांच्या मागे लागून कबूल करवलं होतं, की या पेपरात पैकीच्या पैकी पडले तर गणिताच्या तासाला तिला सातवीत बसवायचं.

त्या सोळाचा जनक मी.

माझं भांड्यांचं दुकान. विमानतळ येणार येणार म्हणून सगळं पनवेल फुगलं होतं तेव्हाची गोष्ट. मी का मागे राहू? गिऱ्हाइकाला कुकर दाखवता दाखवता सांगायचो, "आमची पोर झोपेत भागाकार करते, हलवलं की बाकी सांगते!" एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "केवढी हुशार हो!" आणि दुसऱ्या दिवशी पोर तापाने फणफणली. तेव्हा दुसरीत होती. मी तिला जवळ घेऊन म्हटलं, "बाळाच्या गालाला तीट लावतात ना, तशी पेपरात एक चूक ठेवत जा. नजर लागत नाही."

निम्मी गंमत होती हो. निम्मी नव्हती. माझ्या हजार थापांतली नेमकी हीच तिने खरी धरली आणि तीन वर्षं इमानाने पाळली. दर पेपरात एक चूक. मला ठाऊक होतं. कौतुकच वाटायचं.

"घरी कुणी काही सांगितलंय का हिला?" बाईंनी विचारलं.

वीतभर बोंबलाचा देवमासा करणारा मी! पण खरं बोलायची वेळ आली आणि तेवढं सोडून सगळं सुचलं. लेक शेजारीच उभी होती.

"छे हो बाई," मी हसलो, "वेंधळी आहे जरा."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग खाली घातली. बाईंनी पेपर घडी करून ठेवला. म्हणाल्या, "मग पुढच्या वर्षी बघू."

रिक्षात बसल्यावर माझा आवाज मलाच ऐकू येईना. "चुकलं माझं. उद्या जाऊन बाईंना सगळं खरं सांगतो. तुला सातवीत बसवतील."

ती बाहेर बघत होती.

"राहू दे बाबा," ती म्हणाली. "फळा पुसायची सवय आहे मला."